रणगाडा चिखलात का रुतत नाही?

करंजाड्यात पहिला मोठा पाऊस झाला की बांधकामाच्या प्लॉटवर घोटाभर चिखल होतो. मागच्या जुलैत आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे पाया खणायला आलेला एक जेसीबी त्यात रुतला. मागची मोठाली चाकं जागच्या जागी फिरत राहिली, चिखल उडवत राहिली आणि प्रत्येक फेऱ्याला आणखी खाली गेली. तासाभराने शेजारच्या प्लॉटवरचा पट्ट्यांवर चालणारा पोकलेन आला. तो त्याच चिखलातून सावकाश खडखडत गेला आणि त्याने जेसीबीला ओढून बाहेर काढलं.

हे बघायला जमलेल्या पोरांमधला सहावीतला एक मुलगा मला म्हणाला, "काका, जड गाडी रुतायला पाहिजे ना? मग हलकी का रुतली? आणि रणगाडा तर पोकलेनहून जड असतो. तो कसा जातो?"

जेसीबीचं वजन सात-आठ टन आणि तशा पोकलेनचं वीस टनांच्या घरात, म्हणजे त्याची शंका अगदी रास्त होती. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी तिथेच, कुंपणाला टेकून दिली. तिसऱ्यासाठी हे प्रकरण लिहावं लागलं.

१. पट्ट्याचं गणित

एखादी वस्तू रुतेल की नाही, हे ती किती जड आहे एवढ्यावर ठरत नाही. ते वजन किती जागेवर पसरलं आहे, यावर ठरतं. चिखलात आपण फळी टाकून चालतो ते याचसाठी. माणूस तोच असतो, वजनही तेच, पण ते आता पावलाएवढ्या जागेऐवजी फळीभर जागेवर पडतं.

एक हिशोब करू. भारतीय सैन्याने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन रणगाडा साधारण ५० टनांचा, म्हणजे ५०,००० किलोंचा. त्याचा एकेक पट्टा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेला भाग सुमारे साडेचार मीटर लांब. एका पट्ट्याखालची जागा झाली ६० गुणिले ४५०, म्हणजे २७,००० चौरस सेंटिमीटर. दोन पट्ट्यांची ५४,०००. आता ५०,००० ला ५४,००० ने भागा. दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोही वजन येत नाही, जेमतेम ०.९ येतं.

आपल्या कारकडे बघा. तिच्या टायरमध्ये आपण ३२ चा दाब भरतो, तो दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोंच्या आसपास भरतो. टायर जमिनीवरही साधारण तेवढाच दाब देतो. म्हणजे ५० टनांचा रणगाडा जमिनीला कारच्या निम्म्यापेक्षाही कमी दाबतो. आणि भाताची लावणी करणारी ५० किलोंची बाई एका पायावर उभी राहिली, तर तिच्या पावलाखाली येतात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४ किलो. कारपेक्षा रणगाडा हलका पडतो, पण माणसापेक्षा दुप्पट जड पडतो. जिथे कार अडकते तिथून तो निघून जाईल. मात्र जिथे माणूस गुडघाभर खाली जातो, तिथे रणगाडाही पोटावर बसतो. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या. पुढे पंजाबातल्या उसाच्या शेतात ती लागणार आहे.

पट्ट्याला आपल्याकडचे ऑपरेटर 'चेन' म्हणतात आणि ते नाव नेमकं आहे. पोलादी तुकडे कड्यांसारखे एकमेकांत अडकवलेले असतात. दोन फळ्या घेऊन चिखल ओलांडणारा माणूस आठवा. एका फळीवर उभं राहायचं, मागची उचलून पुढे टाकायची, मग पुढच्या फळीवर जायचं. रणगाडा हेच करतो, फक्त न थांबता. पुढे रस्ता अंथरायचा, त्यावरून जायचं, मागचा गुंडाळून पुन्हा पुढे आणायचा. वळायचं असेल तर होडीसारखं वळायचं. डावं वल्हं थांबवून उजवं मारलं की होडी डावीकडे वळते. डावा पट्टा रोखला आणि उजवा चालू ठेवला की रणगाडाही तसाच वळतो.

२. टाकं आणि टँक

मराठीत आपण रणगाडा म्हणतो, तो रणातला गाडा. इंग्रजीत त्याला टँक म्हणतात, म्हणजे पाण्याची टाकी. लढायच्या यंत्राला टाकीचं नाव का?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. गडावर चढून सुळक्याच्या पायथ्याशी गेलात तर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक गडावर अशी टाकी असतात. गडावर माणसं किती दिवस तग धरणार, ते या टाक्यांवर ठरायचं. अनेक इंग्रजी शब्दकोशकारांच्या मते 'टँक' या शब्दाचं एक मूळ हेच आहे. मराठी टाकें आणि त्याचं गुजराती भावंड हे शब्द पश्चिम किनाऱ्यावर व्यापाराला आलेल्या युरोपियांच्या तोंडी बसले. पोर्तुगीज भाषेतल्या मिळत्याजुळत्या शब्दाने त्यात भर घातली आणि तो शब्द इंग्रजीत स्थिरावला.

त्याचा युद्धाशी संबंध आला तो १९१५ च्या अखेरीस. इंग्लंडमधल्या लिंकन गावातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत एक गुप्त यंत्र तयार होत होतं. कामगारांना आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ते दिसणारच होतं, त्यामुळे त्याला काहीतरी साधं नाव हवं होतं. लोखंडी पेटाऱ्यासारखा आकार बघून ठरलं, की याला पाण्याची टाकी म्हणायचं. रशियात पाठवायच्या टाक्या आहेत अशी हूल उठवली गेली आणि काहींवर रशियन अक्षरांत पेट्रोग्राडचं नावही रंगवलं गेलं. शत्रूला चकवायला घेतलेलं नाव कायमचं चिकटलं. गडावरच्या टाक्याचा शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तोफा लावलेल्या गाड्यावर बसून परत आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

३. खंदकाचं कोडं

हे यंत्र हवं होतं कशासाठी? १९१४ च्या हिवाळ्यापर्यंत फ्रान्स आणि बेल्जियममधलं पहिलं महायुद्ध जमिनीत गेलं होतं. दोन्हीकडे खंदक, त्यांच्यापुढे काटेरी तारा आणि तारांवर रोखलेल्या मशीनगन. खंदकातून उठून पुढे धावणाऱ्या माणसाला गोळीपासून आडोसा नव्हता. घोड्यालाही नव्हता. तोफांनी आधी मारा करावा, तर जमिनीची अशी चाळण व्हायची की चाक पुढे जाईना.

कोड्याचे तीन तुकडे होते. गोळी अडवणारं पोलाद माहीत होतं. पेट्रोलचं इंजिन माहीत होतं. आणि शेतात चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर अमेरिकेत होल्ट कंपनी विकतच होती, तोफा ओढायला तो आघाडीवर आलाही होता. हे तिन्ही एकत्र आणा, असं सुचवणाऱ्यांत अर्नेस्ट स्विंटन हा लष्करी अधिकारी होता. ते मनावर घेतलं विन्स्टन चर्चिलने. तो तेव्हा आरमाराचा मंत्री असल्यामुळे १९१५ मध्ये नेमलेल्या समितीचं नाव पडलं 'जमिनीवरची जहाजं'. विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी जे यंत्र उभं केलं, त्याचे पट्टे अंगाभोवती तिरक्या चौकोनासारखे पूर्ण फिरवलेले होते, म्हणजे ते खंदकाच्या काठावर चढू शकेल आणि पलीकडे उतरू शकेल.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत फ्लेर्स गावाजवळ रणगाडा पहिल्यांदा लढला. ४९ रणगाडे हाताशी होते, त्यांतले सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचले ३२ च्या आसपास. बाकीचे वाटेतच बिघडले किंवा रुतले. हा पहिला रणगाडा २८ टनांचा होता आणि वेग माणसाच्या चालीएवढा. आत आठ माणसं असत आणि त्यांच्या मधोमध उघडं इंजिन. धूर, कानठळ्या बसवणारा आवाज, जीव नकोसा करणारी उष्णता. नुसता चालवायला आणि वळवायला चार माणसं लागत. मागे निरोप कळवायला पिंजऱ्यात कबुतरं ठेवलेली असत. या कबुतरांकडे आपण पुढच्या भागात पुन्हा येऊ.

१९१७ च्या पावसाळी हंगामात ईप्रच्या आघाडीवर हेच रणगाडे चिखलात अक्षरशः बुडाले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कँब्रेजवळ कोरडी, तोफांनी न उकरलेली जमीन निवडून ४७६ रणगाडे एकत्र सोडले आणि पहिल्याच दिवशी जर्मनांची फळी फुटली. यंत्र जवळपास तेच होतं. बदलली होती जमीन, आणि ती निवडणारी बुद्धी.

४. काकडीचा तिरका काप

पुढची पंचवीस वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत आपल्याला तीनच कल्पना हव्या आहेत.

पहिली फिरता बुरूज. फ्रान्सच्या छोट्या रेनो रणगाड्याने १९१७ मध्ये तोफ डोक्यावर बसवली, सगळीकडे फिरणाऱ्या बुरुजात. पुढे चालक आणि मागे इंजिन. आजचा जवळपास प्रत्येक रणगाडा याच मांडणीवर चालतो.

दुसरी तिरकं चिलखत. काकडी सरळ कापली तर चकती लहान येते, तिरकी कापली तर काप लांब येतो. सुरीला तिरक्या वाटेने जास्त काकडी कापावी लागते. सोव्हिएत टी-३४ चं समोरचं पोलाद ४५ मिलिमीटर जाडीचं, पण ते असं झुकवलेलं होतं की समोरून येणाऱ्या गोळ्याला त्यातून ९० मिलिमीटर वाट काढावी लागे. शिवाय तिरक्या पत्र्यावरून गोळा घसरून जाण्याची शक्यता वेगळीच. पत्र्याची जाडी न वाढवता गोळ्याची वाट दुप्पट झाली.

तिसरी कल्पना पोलादाची नाही, म्हणून ती पुष्कळदा विसरली जाते. ती म्हणजे रेडिओ. मे १९४० मध्ये जर्मनी फ्रान्सवर चालून आली तेव्हा फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते आणि त्यांतले काही जर्मनांपेक्षा जाड चिलखताचे होते. पण अनेक फ्रेंच रणगाड्यांच्या बुरुजात एकच माणूस बसे. त्यानेच बघायचं, तोफ भरायची, नेम धरायचा आणि हुकूमही द्यायचे. पुष्कळांत धड रेडिओही नव्हता. हाइंत्स गुडेरियनच्या हाताखालचे जर्मन रणगाडे एकमेकांशी आणि पाठीमागच्या तोफा-विमानांशी बोलत होते. पिंजऱ्यातल्या कबुतराची जागा आता रेडिओने घेतली होती.

आपल्याकडे, हिंदुस्थानातल्या घोडदळाने घोडे सोडून यंत्रांकडे वळायला सुरुवात केली १९३८ साली. पहिली पलटण सिंद हॉर्स. त्याच्या आठवणीसाठी भारतीय चिलखती दल १ मे हा आपला दिवस मानतं. महाराष्ट्र दिनाच्या झेंड्याखाली आपण उभे असतो, त्याच सकाळी हे सैनिकही आपला दिवस साजरा करत असतात.

५. राणे यांची दोरी

एप्रिल १९४८. काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे भारतीय सैन्याला जायचं होतं. वाट डोंगरातली आणि अरुंद, जागोजागी सुरुंग पेरलेले आणि झाडं पाडून रस्ता अडवलेला. बरोबर स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे होते. पण सुरुंगाच्या बाबतीत रणगाडा आंधळा. पट्ट्याखाली एक सुरुंग फुटला की चेन तुटते, गाडा जागेवर बसतो आणि मागची सगळी रांग थांबते.

मुंबई सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे या वाटेवर होते. मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे. ८ एप्रिलला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांची काही माणसं पडली आणि तेही जखमी झाले. काम थांबलं नाही. समोरून मशीनगन चालू असताना सुरुंग शोधायचे कसे, यावर त्यांनी काढलेला उपाय मला या सबंध इतिहासातला सर्वांत थोर वाटतो. ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे सरकू लागले. वर चालकापर्यंत दोरी नेलेली होती. एका खुणेला थांबायचं, दुसरीला चालायचं. दोन्ही बाजूंना पट्टे, डोक्यावर टनावारी लोखंड, पुढ्यात सुरुंग, आणि चालकाशी संबंध फक्त दोरीचा. ११ एप्रिलपर्यंत अडथळ्यांमागून अडथळे काढत त्यांनी वाट मोकळी केली आणि दुसऱ्या दिवशी राजौरी ताब्यात आली. राणे यांना परमवीरचक्र मिळालं. जिवंतपणी ते स्वीकारणारे आपल्याकडे फार थोडे, त्यांतले ते एक.

चित्रपटांत रणगाडा एकटाच धडाडत जाताना दिसतो. प्रत्यक्षात त्याच्यापुढे नेहमी कुणीतरी गेलेलं असतं.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजीला खिंडीत, साडेतीन हजार मीटर उंचीवर जाऊन लढले. त्याआधी अभियंत्यांनी तिथली खेचरांची वाट रणगाड्यांजोगी रुंद केली होती, आणि गुप्तता राहावी म्हणून बुरूज उतरवून रणगाडे श्रीनगरमार्गे नेले होते. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

६. उसातले पॅटन

करंजाड्याहून पेण, वडखळ करत अलिबागला जायला फार वेळ लागत नाही. जिल्हा एकच, रायगड. त्या अलिबागचे अरुणकुमार श्रीधर वैद्य, जन्म १९२६. १९४५ मध्ये ते चिलखती दलात अधिकारी झाले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते. रेजिमेंटकडे होते शर्मन रणगाडे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. पंजाबात खेमकरणच्या बाजूने समोर येत होती पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन, अमेरिकन पॅटन रणगाडे घेऊन. पॅटन नवा, त्याची तोफ मोठी, चिलखत जाड. कागदावर तुलना केली तर शर्मनने समोरासमोर उभंच राहू नये.

भारतीय सैन्य समोरासमोर उभं राहिलं नाही. चौथी माउंटन डिव्हिजन खेमकरणहून मागे आली आणि असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात बसली. नालाचं तोंड शत्रूकडे उघडं. सप्टेंबर असल्यामुळे शेतात ऊस उभा होता आणि त्यात रणगाडे लपले. आजूबाजूच्या शेतांत पाणी सोडलं गेलं.

आता पहिल्या भागातला हिशोब काढा. पट्टा कितीही रुंद असला तरी जमिनीला दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास वजन पेलता आलं पाहिजे. पाणी प्यालेल्या शेतजमिनीला ते पेलत नाही. पॅटन पोटापर्यंत रुतू लागले. जे रुतले नाहीत त्यांना उरलेल्या कोरड्या पट्ट्यांवरून वळावं लागलं, आणि वळताना त्यांची कूस उसात दडलेल्या तोफांसमोर आली. रणगाड्याचं सगळ्यात जाड चिलखत पुढे असतं, कुशीला पातळ. जुना शर्मन लपून, जवळून, कुशीत गोळा घालू शकत असेल, तर नव्या पॅटनची मोठी तोफ त्या घटकेला उपयोगाची नसते.

८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि पायदळ. त्या पायदळातले चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद उघड्या जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन फोडत होते. १० तारखेला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे या लढाईत नष्ट झाले किंवा हाती लागले. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीने उभे केले होते, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. वैद्य यांना महावीरचक्र मिळालं. असल उत्तर आणि चीमा इथल्या लढायांत ते गोळीबारातून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर फिरत आपले रणगाडे जागेवर धरून होते.

त्याच आठवड्यात सियालकोटच्या बाजूला फिल्लोऱ्याजवळ पूना हॉर्स लढत होती. पुण्याचं नाव घेऊन १८१७ पासून चालत आलेली ही रेजिमेंट. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत. त्यांच्या घराण्यात सांगतात की पूर्वज शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि तारापूर गाव तिथून आलं. ११ सप्टेंबरला ते जखमी झाले, पण मागे जायला तयार झाले नाहीत. पुढचे दिवस दंडाला झोळी बांधून बुरुजात उभे राहिले. १६ तारखेला बुतुर-डोग्रांडीपाशी ते पडले. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केल्याचा उल्लेख आहे, स्वतःचे ९ गमावून.

कमांडर असे बुरुजात उभे का असतात, असा प्रश्न बऱ्याच वाचकांना पडतो. आत बसून दारं लावली की काचेच्या चिंचोळ्या फटीतून बाहेरचं जग दिसतं, तेही तुकड्यातुकड्यांत. डोकं बाहेर काढलं की सगळं रण दिसतं आणि डोकं गोळीच्या वाटेवर येतं. सुरक्षित आणि आंधळं राहायचं की उघडं आणि डोळस, हा निर्णय रणगाड्याच्या प्रत्येक कमांडरला घ्यावा लागतो.

७. बसंतर

डिसेंबर १९७१ मध्ये वैद्य ब्रिगेडियर होते, सोळाव्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख, शक्करगडच्या भागात. पूना हॉर्स त्यांच्याच ब्रिगेडमध्ये होती. समोर बसंतर नदी आणि नदीला लागून खोल पसरलेले सुरुंगपट्टे. २३ वर्षांपूर्वी राणे यांच्यापुढे होता तोच प्रश्न, आता शेकडो पटींनी मोठा. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळ पलीकडे पोहोचलं होतं. सकाळी त्यांच्यावर शत्रूचे रणगाडे येणार हे नक्की होतं, आणि सुरुंगांतली वाट अजून पूर्ण साफ झालेली नव्हती. लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी पूना हॉर्सला तशीच आत घातली. रणगाडे पलीकडे पोहोचले.

१६ तारखेला पॅटन चालून आले. जरपाल गावाजवळ पूना हॉर्सचा २१ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत होता. जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. त्याच्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनला आग लागली. रेडिओवरून हुकूम आला, रणगाडा सोड. त्याने कळवलं की तोफ अजून चालते आहे. तो लढत राहिला आणि तिथेच पडला. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. २००१ मध्ये त्याचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या यजमानांनी अखेरच्या रात्री सांगितलं, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात ते स्वतः होते.

चक्रा आणि देहलरा इथल्या लढाया आणि बसंतरपलीकडे रणगाडे नेणं, यासाठी वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं. १९८३ मध्ये ते सरसेनापती झाले. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी, १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

८. वजन कुणाला कळतं?

यानंतर रणगाड्यावरचे हल्लेही बदलले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात पायदळातला सैनिक पेटीतून आणलेल्या क्षेपणास्त्राने रणगाडा फोडू लागला. आज तेच काम आकाशातून ड्रोन करतात, आणि युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी बुरुजांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे चढवले. प्रत्येक नव्या माऱ्याला उत्तर म्हणून चिलखत वाढतं आणि वजनही वाढतं. आपला अर्जुन रणगाडा सुरुवातीला साडेअठ्ठावन्न टनांचा होता, नव्या रूपात ६८ टनांच्या आसपास गेला. त्याची १२० मिलिमीटरची तोफ पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेत घडली.

इथे एक छान गोष्ट आहे. सुरुवातीचा अर्जुन आवडीच्या कारखान्यात बनलेल्या ४१ टनांच्या टी-७२ हून कितीतरी जड, तरी त्याचे पट्टे रुंद असल्यामुळे जमिनीवरचा दाब जवळपास तेवढाच येतो. म्हणजे अर्जुनचं वजन चिखलाला कळत नाही. पुलाला मात्र कळतं, कारण पुलावर सगळा भार एकदम येतो आणि तिथे पट्ट्याची रुंदी मदतीला येत नाही. पंजाब कालव्यांचा प्रदेश आहे. म्हणून रणगाड्याबरोबर पूल घडवणारेही लागतात आणि ते काम पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेत होतं. लडाखसाठी वेगळाच उपाय निघाला, २५ टनांचा हलका 'झोरावर', जो २०२४ मध्ये लोकांसमोर आला. झोजीलाचे स्टुअर्ट याच कारणाने वर जाऊ शकले होते.

पोरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि खरा रणगाडा बघायचा हट्ट धरला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. १९४८ पासून चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा तिथे आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय. पहिल्या महायुद्धातली रोल्स-रॉइस चिलखती गाडी, इंग्रजांचा माटिल्डा, जपानी रणगाडे, पकडून आणलेला पॅटन असे सगळे झाडांखाली, हाताच्या अंतरावर उभे आहेत. मोठी माणसं तोफा बघत होती. सहावीतला तो मुलगा सेंच्युरियनच्या पट्ट्याजवळ उकिडवा बसला, दप्तरातून ३० सेंटिमीटरची पट्टी काढली आणि पोलादावर आडवी ठेवली. एकदा. मग खूण धरून दुसऱ्यांदा.

"काका, तुमचे साठ बरोबर आहेत," तो म्हणाला. "वर बोटभर उरतंय."